अडतीस हजारांची वायर आणि ऐकू न आलेला फरक

पत्राचा सारांश: वाचक कोल्हापूरचे, पन्नाशीच्या आसपासचे, सहकारी संस्थेत नोकरीला. वडील गेल्यावर त्यांच्या शे-सव्वाशे रेकॉर्डी घरी आल्या. ख्याल, नाट्यसंगीत, थोडी भावगीतं आणि दहा-बारा जुन्या, तीन मिनिटांच्या तबकड्या. त्या ऐकता याव्यात म्हणून त्यांनी वर्षभरात एकेक वस्तू जमवली. जुना पण चालू टर्नटेबल, सीडी प्लेअर, ४५ वॉटचा अॅम्प्लिफायर आणि सहा ओहमचे दोन स्पीकर, सगळं मिळून ९० हजारांच्या घरात. स्पीकरना सध्या इलेक्ट्रिकच्या दुकानातली बारीक वायर जोडलेली आहे, लांबात लांब सहा मीटर. दुकानदार म्हणतो, सिस्टीमच्या निदान तिसऱ्या हिश्शाची केबल हवी, नाहीतर बाकीचे पैसे पाण्यात. त्याने स्पीकर केबल आणि आरसीएच्या (उपकरणं अॅम्प्लिफायरला जोडायच्या लाल-पांढऱ्या पिनांच्या केबलच्या) दोन जोड्या असा ३८ हजारांचा संच पाच हजार अनामत घेऊन आठ दिवस घरी लावून बघायला दिला आहे. पुण्याच्या मित्राच्या घरी तर अशाच केबलने 'समोरचा पडदा दूर झाला'. वाचकांनी चार रात्री ऐकलं, फरक कळला नाही. ते विचारतात, 'माझे कान तयार नाहीत का? बाबांच्या रेकॉर्डींना न्याय द्यायचा तर पतपेढीतून उचल घेऊन केबल घ्यावी का? बायको काही बोलत नाही, पण तिच्या न बोलण्यातच सगळं आलं.' आणि ताजा कलम: 'रेकॉर्ड लावली की बारीक घूं येते, टोनआर्मला (सुईच्या दांड्याला) हात लावला की थांबते. डाव्या स्पीकरचा आवाज अधूनमधून जातो. नव्या केबलनेही ते गेलं नाही. ते असो.'

नमस्कार,

तुमच्या चार पानी पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ रेंगाळले ती त्या 'ते असो'वर. डॉक्टरांपुढे अर्धा तास गुडघ्याबद्दल बोलायचं आणि उठून उंबऱ्यापर्यंत गेल्यावर 'छातीतही जरा दुखतं, पण ते असो' म्हणायचं, असे पेशंट असतात. तुम्ही त्यातले.

घूं येते, हे तुम्हाला ऐकू आलं. टोनआर्मला बोट लावल्यावर ती थांबते, हेही तुमच्या ध्यानात आलं. डावी बाजू जाते आणि परत येते, तेही टिपलंत. जिथे खरोखर काही घडत होतं तिथे तुमचे कान एकदाही चुकलेले नाहीत. मग केबल बदलल्यावर काही ऐकू आलं नाही, तर लगेच कानांवर संशय का? ऐकू येण्यासारखं काही बदललंच नसेल, ही शक्यता तुम्ही चार पानांत एकदाही मांडलेली नाही.

मी पॉलिटेक्निकमध्ये सत्तावीस वर्षं पोरांना ओहमचा नियम शिकवला. त्यामुळे आधी थोडा हिशेब करू, कंटाळू नका. स्पीकरच्या वायरीत बघायचं ते मुख्यतः एकच, तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जो ओहममध्ये मोजतात. तो तीन गोष्टींवर ठरतो: धातू कोणता, जाडी किती, लांबी किती. वायर जाते आणि परत येते, म्हणून सहा मीटरची वायर हिशेबात बारा मीटर धरायची. तुम्ही पाठवलेल्या फोटोत जी बारीक वायर दिसते ती बहुधा आपले जुने इलेक्ट्रिशियन जिला तेवीस-शहात्तर म्हणतात ती. तेवीस तारा, प्रत्येक ०.००७६ इंच जाडीची. तिचा छेद पाऊण स्क्वेअर एमएमही भरत नाही. बारा मीटरला रोध झाला सुमारे ०.३ ओहम. दीड स्क्वेअर एमएमची (नुसतं 'दीड एमएम' म्हणतात ती) घेतलीत तर ०.१६, अडीचची घेतलीत तर ०.१. वर्षानुवर्षं चालत आलेला ठोकताळा असा, की वायरीचा रोध स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत असावा. सहा ओहमचे पाच टक्के म्हणजे ०.३. तुमची आताची वायर जेमतेम हद्दीवर आहे. दीड एमएम निवांत आत बसते. अडीच एमएमनंतर तुमच्या खोलीत पुढे जायला जागाच उरत नाही.

आता हा फरक आवाजात किती पडतो? तुमची बारीक वायर आणि दुकानदाराची ती अंगठ्याएवढी जाड केबल, यांत फार तर अर्ध्या डेसिबलच्याही आतला. दीड एमएम आणि ती केबल यांत तर पाव डेसिबलहूनही कमी. स्पीकरचा ओहम प्रत्येक सुराला थोडा बदलतो, त्यामुळे फार बारीक वायरीने आवाजाचा पोतही किंचित हलू शकतो, हे मला मान्य आहे. पण एक केबल सोमवारी आणि दुसरी गुरुवारी ऐकून हे कळावं अशी अपेक्षा माणसाच्या कानाकडून ठेवू नये.

स्पीकर केबल ही वेगळी, मिरवायची वस्तू झाली तीही फार जुनी गोष्ट नाही. अमेरिकेत १९७९ मध्ये मॉन्स्टर केबल निघाली, त्याआधी बहुतेक घरांत टेबललॅम्पची दोनपदरी वायरच स्पीकरला असायची. १९८३ मध्ये तिथल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने ऐकणाऱ्यांना कोणती वायर लावली आहे ते न सांगता चाचणी घेतली. फार बारीक वायर त्यांना ओळखता आली, कारण तिच्यातून आवाज कमी येत होता. लॅम्पची जाड वायर आणि महाग केबल यांच्यात मात्र संगीत ऐकून कुणाला खात्रीने निवड करता आली नाही.

'सिस्टीमच्या तिसऱ्या हिश्शाची केबल' हा नियम मला कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडलेला नाही. तुमचा स्पीकर तुम्हाला लग्नात भेट मिळाला असता तर तांब्याचा रोध वाढला असता का? वायरीला फक्त अंतर आणि ओहम कळतात, बिलाची रक्कम तिच्यापर्यंत पोचत नाही.

दुकानातल्या प्रात्यक्षिकाबद्दल तुम्ही लिहिलंय, 'तिथे मात्र फरक वाटला होता.' वाटला असेलच. आधी साधी वायर लावून एक गाणं, मग मोठी केबल लावून दुसरं गाणं, आणि मधल्या वेळात आवाजाचं बटण कुणीतरी हाताळलेलं. आवाज किंचित वाढवला की माणसाला तो मोठा न वाटता 'उघडा', 'भरीव', 'जवळचा' वाटतो. दुकानदार लबाड आहे असं मी म्हणत नाही, त्याचा स्वतःचाही विश्वास असेल. पण एक गंमत बघा. तो तुम्हाला म्हणाला, केबल दोनशे तास वाजल्यावर खुलते. आणि परत द्यायची मुदत दिली आठ दिवसांची. आठ दिवसांचे तास होतात १९२, तेही रात्रंदिवस वाजवली तर. म्हणजे केबल खुलायच्या आठ तास आधी तुमची मुदत संपते! तांबं काही लोणचं नव्हे, मुरत नाही. मुरतो तो आपला कान, नव्या आवाजाला सरावतो.

पुण्याच्या मित्राशी वाद घालू नका. त्याला फरक ऐकू आला हे खरं असू शकतं, फक्त कारण वेगळं. त्याने केबल बदलली म्हणजे काय केलं? वर्षानुवर्षं न हललेल्या आठ-दहा पिना उपसल्या आणि नव्या घट्ट खोचल्या. पिनेवर आणि सॉकेटात साचलेला काळा थर त्या घासण्याने निघाला. खरोखर पडदा होता आणि तो दूर झाला, पण जुनीच केबल काढून परत खोचली असती तरी झाला असता. आपल्याकडे चार महिने पाऊस, घरातली चादरसुद्धा दमट. त्या हवेत उघडं तांबं आणि स्वस्त पिना काळवंडतात. म्हणून दर वर्षी दसऱ्याला शस्त्रपूजेआधी अॅम्प बंद करून, प्लग भिंतीतून काढून, प्रत्येक आरसीए पीन बाहेर घ्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दोन-तीनदा फिरवून परत बसवा. स्पीकरच्या वायरीचं टोक काळं-हिरवं दिसलं तर इंचभर कापून नवं सोला. खर्च कापसाच्या बोळ्याचा.

आता तुमच्या त्या 'ते असो'कडे.

टोनआर्मला हात लावला की घूं थांबते, याचा अर्थ त्या क्षणी तुमचं शरीर अर्थिंगच्या वायरीचं काम करतंय. टर्नटेबलच्या मागून आरसीएच्या लाल-पांढऱ्या पिनांबरोबर आणखी एक बारीक, एकेरी वायर निघते, बहुतेक काळी किंवा हिरवी, टोकाला इंग्रजी यू आकाराची चपटी पट्टी. ती अॅम्पच्या मागे जीएनडी लिहिलेल्या स्क्रूखाली दाबायची असते. जुना टर्नटेबल घेताना ही वायर अनेकदा तुटलेली असते, किंवा ही कशाची म्हणून घेणारा ती मागे लोंबत ठेवतो. टॉर्च घ्या, अॅम्प बंद करा आणि मागे बघा. मला जवळपास खात्री आहे की ती तिथेच कुठेतरी धुळीत पडलेली असेल. नसेल तर एक मीटर साधी वायर टर्नटेबलच्या धातूच्या चौकटीपासून त्या स्क्रूपर्यंत जोडा. टर्नटेबलच्या सुईतून निघणारा सिग्नल जेमतेम पाच मिलिव्होल्टचा, सीडी प्लेअरचा दोन व्होल्टचा. चारशे पट फरक. म्हणून घूं फक्त रेकॉर्डला येते, सीडीला नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. घूं घालवायला काही लोक थ्री-पिन प्लगची अर्थची पीन मोडतात किंवा टू-पिनच्या अॅडॉप्टरवर काम भागवतात. घूं जातेही, पण कधी अॅम्पच्या पेटीत करंट उतरला तर तो तुमच्या हातातून जमिनीत जाईल. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. टीव्हीचा सेटटॉप बॉक्स अॅम्पला जोडलेला असेल तर त्याची केबल काढून ऐका. छतावरून येणारी ती गोल केबल घूंची दुसरी नेहमीची आरोपी.

डाव्या बाजूला स्वस्तातली युक्ती. सीडी लावा आणि अॅम्पच्या मागे, प्लेअरकडून आलेल्या लाल-पांढऱ्या पिना उलटसुलट करा. आता उजवा स्पीकर जायला लागला तर दोष प्लेअरकडे किंवा त्या केबलमध्ये. डावाच जात राहिला तर दोष अॅम्पमध्ये किंवा त्यापुढे. मग अॅम्प बंद करून अॅम्पकडच्या बाजूला दोन्ही स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करा. आता उजवा गेला तर अॅम्प, डावाच गेला तर वायर किंवा तो स्पीकर. बहुतेकदा अशा तक्रारीत आवाजाच्या बटणात किंवा सिलेक्टरमध्ये धूळ-काळवट निघते. बटण हलवताना खरखर येत असेल तर तेच. चांगला मेकॅनिक क्लीनर मारून तासाभरात करून देतो. हे काम ३८ हजारांच्या केबलने झालं नाही, यात नवल नाही. गळणाऱ्या नळाला नवा पाइप जोडून काय होणार?

आणि मग केबल घ्यायचीच नाही का? घ्यायची की. तुमची तेवीस-शहात्तर बदला, ती हद्दीवर आहे आणि फोटोत तिची टोकं हिरवी झालेली दिसतात. पण घ्यायची ती इलेक्ट्रिकलच्या दुकानातून, मीटरवर. दीड किंवा अडीच एमएमची मल्टिस्ट्रँड (अनेक बारीक तारांची), दोन कोअरची, शुद्ध तांब्याची. वेष्टनावर आयएस ६९४ आणि आयएसआयचा शिक्का छापलेला असतो, तो बघा. भाव तांब्याबरोबर हलतो, पण दोन्ही स्पीकरची मिळून बारा-तेरा मीटर वायर हजार-दीड हजारात बसावी. घराच्या वायरिंगची उरलेली दीड एमएमची लाल आणि काळी पडून असेल तर दोन्ही एकमेकींत सैलसर पीळ घालून वापरा, उत्तम चालते. तो पीळ बाहेरची खरखर कमी करायलाही बरा.

शुद्ध तांब्याचा आग्रह मात्र सोडू नका. बाजारात आणि ऑनलाइन अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर भरपूर विकली जाते, 'सीसीए' नावाने किंवा नुसतंच 'स्पीकर वायर' म्हणून, छान पारदर्शक वेष्टनात. अॅल्युमिनियम तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास वीज वाहतं, चटकन मोडतं, आणि टोकाला सांधा ढिला पडत जातो. ओळखायची पद्धत गुजरीतल्या सराफाची. तो दागिना कसोटीवर घासतो, तुम्ही एक तार ब्लेडने खरवडा. आतही तांबूस दिसलं तर तांबं, पांढरं दिसलं तर परत द्या. आणि हातात धरून बघा. तेवढ्याच जाडीचं अॅल्युमिनियम तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच भरतं, त्यामुळे खोटं वेटोळं उचलताच कळतं. अडीच एमएमच्या नावाखाली नुसतं वेष्टन जाड करून विकणारेही भेटतील, म्हणून आतल्या तारा मोजा. दीडमध्ये साधारण ०.३ मिलिमीटरच्या बावीस, अडीचमध्ये छत्तीस.

चांदीबद्दल विचारलंत. तुमच्या हातातल्या संचात तांब्यावर चांदी चढवलेली आहे म्हणे. चांदी तांब्यापेक्षा वीज बरी वाहते, पण किती? सहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शुद्ध चांदीच्या दीड एमएमऐवजी तांब्याची १.६ एमएम असती तर तेवढंच झालं असतं. हुपरीच्या चांदीचं पैंजण करावं, तिला वायरीत कोंडू नये.

सोन्याची गोष्ट त्याहून मजेची. सोनं तर तांब्यापेक्षा वाईट वाहक. तरी पिनांवर सोन्याचा मुलामा देतात, कारण ते काळं पडत नाही. कोल्हापूरच्या दमट हवेत तेवढा मुलामा मला मान्य आहे, आणि तो पाचशे-सातशेच्या आरसीए जोडीवरही मिळतो. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात ज्या तबकड्या पाठवल्या त्याही अशाच, तांब्याच्या, वर सोन्याचा मुलामा. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी त्या तबकडीवर आहे. तिथे सोनं आवाज गोड करायला नाही, तबकडी टिकायला. केसरबाई तुमच्या बाबांच्या संग्रहात नक्की असतील, शोधा.

आरसीए केबल घेताना बघायचं ते एवढंच. वेणीसारखं विणलेलं संरक्षक जाळं आत आहे का, पीन सॉकेटात घट्ट बसते का, आणि लांबी गरजेपुरती आहे का. सीडी प्लेअरच्या बाबतीत बाकी काही फरक पडत नाही. टर्नटेबलच्या बाबतीत मात्र पडतो, आणि सगळ्या घरात केबल 'बोलते' ती ही एकच जागा म्हणायला हरकत नाही. आपल्या नेहमीच्या चुंबकी कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या डबीला) केबल आणि अॅम्प मिळून साधारण दीडशे ते तीनशे पिकोफॅरड एवढीच धारिता, म्हणजे विद्युतभार साठवून धरण्याची क्षमता, मानवते. केबलची धारिता मीटरमागे शंभराच्या आसपास. तीन मीटरची जाड, भारदस्त आरसीए तिथे लावलीत तर वरच्या पट्टीतला आवाज बिघडतो, तिखट होतो नाहीतर मिटतो. एक-सव्वा मीटरची साधी केबल तिथे महाग लांब केबलवर मात करते. दुकानदाराने दिलेल्या जोड्या दोन-दोन मीटरच्या आहेत असं तुम्ही लिहिलंय. टर्नटेबलची आजच काढा.

बाबांच्या रेकॉर्डींना न्याय, असं तुम्ही म्हणता. त्या शब्दापाशी मी थोडी थांबले. माझ्या वडिलांच्याही रेकॉर्डी माझ्याकडे आहेत आणि त्यांच्या बाबतीत आपण हिशेब नीट करत नाही, हे मला माहीत आहे. पण न्याय द्यायचा तर सुईकडे बघा. सुईचं आयुष्य पाचशे ते हजार तास. तुमचा टर्नटेबल जुना, त्याची सुई किती तास फिरली हे विकणाऱ्यालाही माहीत नसणार. झिजलेली सुई आवाज तर फाटका करतेच, शिवाय प्रत्येक वाजवण्यात खाचेची भिंत खरवडून काढते. तुमच्या घरी रोज संध्याकाळी बाबांची एकेक रेकॉर्ड थोडी थोडी पुसली जात असेल, आणि तुम्ही खालच्या वायरीची काळजी करताय. नवी सुई पहिली घ्या, केबलच्या आधी, सगळ्याच्या आधी. आणि त्या दहा-बारा तीन मिनिटांच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या एलपीच्या, म्हणजे नेहमीच्या मोठ्या रेकॉर्डच्या, सुईवर मुळीच लावू नका. त्यांची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते, त्यांना वेगळी जाड सुई लागते. ती मिळेपर्यंत त्या कपाटात उभ्या ठेवा, एकमेकींवर आडव्या रचू नका.

वायर जोडताना थोडं सांभाळून. टोक अर्धा इंचच सोला, तारा घट्ट पिळा. एक सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तर अॅम्पचा आउटपुट जाऊ शकतो, ती दुरुस्ती केबलहून महाग. स्क्रूखाली दाबायच्या टोकाला सोल्डर लावू नका. सोल्डर मऊ, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि सांधा ढिला होतो. लाल लालला, काळी काळीला. एका बाजूला उलट झाली तर खर्ज गायब होतो आणि गाणारा दोन स्पीकरच्या मध्ये उभा राहायच्या ऐवजी खोलीभर पसरतो. शंका आली तर अॅम्पकडून वायर सोडवा आणि दीड व्होल्टचा सेल टोकांना क्षणभर टेकवा. सेलचा प्लस लाल वायरीला असेल तर स्पीकरचा मोठा पडदा बाहेर यायला हवा. दोन्ही स्पीकरच्या वायरी तंतोतंत सारख्या लांबीच्या हव्यात, हा आग्रहही सोडा. जाडी सारखी असली की झालं. केळ्याच्या आकाराच्या बनाना पिना लावल्या तर सोय होते, पण घरात लहान मूल असेल तर अॅम्पकडची सुटी पीन भिंतीतल्या सॉकेटच्या भोकात जाऊ शकते, तेवढं बघा.

तरीही मन मानत नसेल, कारण मन असं गणिताने मानत नाही, तर मुदत संपायच्या आत एक खेळ खेळा. मुलाला अॅम्पच्या मागे बसवा, मध्ये चादर धरा. त्याने नाणं उडवायचं: छापा आला तर जुनी वायर, काटा आला तर नवी. एकाच रेकॉर्डचा तोच एक मिनिट, आवाजाच्या बटणाला हात नाही, केबल बदलताना दर वेळी अॅम्प बंद. तुम्ही कागदावर लिहायचं, त्यानेही लिहायचं. असं दहा वेळा. पाच-सहा बरोबर आले तर ते नाण्याचंच काम. नऊ किंवा दहा आले तर मला कळवा, नुसत्या अंदाजाने तसं शंभरात एखाद्याच वेळी होतं, आणि मग मी माझे शब्द याच सदरात मागे घेईन. मुलाला मजुरी म्हणून खासबागेजवळची भेळ. जमलं तर कागद तपासायला वहिनींना बसवा. त्या चार रात्री गप्प आहेत, त्यांना बोलायला निमित्त मिळेल.

कुणी हौसेने महाग केबल घेत असेल तर माझी ना नाही. हाताला छान लागते, कपाटामागे शोभते. पण ती पैठणीसारखी घ्यावी, शिल्लक पैशातून आणि आनंदाने. तुम्ही ती औषधासारखी घ्यायला निघाला आहात, तेही पतपेढीची उचल घेऊन. उचल घेऊ नका.

अशाच प्रश्नांची आणखी काही पत्रं आली आहेत, त्यांना इथेच उत्तर देते. नवीन फ्लॅटचं काम चालू असेल तर गिलाव्याआधी स्पीकरसाठी अडीच एमएम टाकून घ्या, मेनच्या पाइपातून नव्हे, वेगळ्या पाइपातून. भिंतीत गेलेली वायर पुन्हा बदलता येत नाही, तिथे जाड घेणं शहाणपणाचं. टीव्हीचा आवाज अॅम्पला द्यायला साधी ऑप्टिकल केबल पुरते. त्यातून प्रकाश जातो, आल्यागेल्या बिटांचा मामला, महाग काचेने गाणं सुधारत नाही. केबलवर बाण छापलेले असतील तर ते जाळीचं एकच टोक जोडलंय एवढ्यासाठी असू शकतात, संगीताचा सिग्नल दर सेकंदाला शेकडो-हजारोंदा दिशा बदलतो, त्याला एकेरी वाहतूक लागू नाही. आणि मंडळाच्या साउंडवाल्या पोरांकडून शिकण्यासारखं एक आहे. ते केबल निवडताना तुटली तर मिरवणुकीत, बॅटरीच्या उजेडात, किती मिनिटांत जोडता येईल ते बघतात.

तुमचा हिशेब मग असा मांडला: नवी सुई, अडीच एमएमची वायर, टर्नटेबलला सव्वा मीटरची एक आरसीए, मेकॅनिकची हजेरी. सुई कुठली लागते त्यावर थोडं कमीजास्त, पण पाच-सहा हजारांच्या पलीकडे जाऊ नये. उरलं तर बैठकीच्या त्या उघड्या फरशीवर एक जाड सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा. फोटोत खोली इतकी मोकळी दिसते की टाळी वाजवली तर घुमत असेल. तिथे जो फरक पडेल तो नाणं न उडवताही कळेल.

दुकानदाराला नाही कसं म्हणायचं, हेही तुम्ही विचारलंय, तोंडओळखीचा माणूस म्हणून. सरळ सांगा, 'माझ्या कानाला फरक कळला नाही.' यावर त्याला 'तुमचे कान तयार नाहीत' एवढंच म्हणता येईल, आणि ते आता तुम्हाला लागायचं कारण नाही. अनामतीचे पाच हजार रोख मागायला अवघड वाटत असेल तर त्याच्याकडूनच सुई मागवून घ्या आणि त्यात वळती करा. त्याचंही गिऱ्हाईक टिकेल. शनिवारच्या आत जा, रविवारी दुकान बंद असलं तर मुदत हुकेल. आणि खोक्यात केबलबरोबर तो चकचकीत प्रमाणपत्राचा कागद होता ना, तो आठवणीने परत ठेवा, नाहीतर माल पुरा नाही म्हणून तिथेच अडेल.